अधिकाचं वाण

जेल रोड, नाशिकरोड
१३ ऑगस्ट २०२३

प्रिय अक्का,

पाकीट बघून घाबरू नकोस, आम्ही दोघंही जिवंत आहोत. फोनवर तू वणीहून ओरडतेस आणि मला इकडे नुसती घरघर ऐकू येते, म्हणून लिहितो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या टर्बाइनने नोकरीभर पगार दिला, त्या पगारातून हे घर झालं, आणि बदल्यात कान घेतले. मी तक्रार करत नाही. कुसा दिवसभर जे काय बोलते ते सगळं ऐकू आलं असतं तर मी केव्हाच संन्यास घेतला असता.

लिहायचं कारण असं की अधिक महिना संपत आला आणि जावयाचं वाण व्यवस्थित पार पडलं. रोशनी पोटची पोर तुझी, पण कन्यादान आमच्या हातून झालं, त्यामुळे दिनेश आधी आमचा जावई आणि मग तुझा. वाद घालायचा असेल तर कुसाशी घाल. तिने तीन दिवस तांदूळ भिजवून तेहेतीस अनारसे केले. पहिले चार तुपात हसून विस्कटले तेव्हा मला वाटलं आज या घरात जेवण मिळत नाही. पण पुढचे जमले. तुझ्या नातीने, आरोहीने, त्यातले दोन आधीच पळवले, म्हणून कुसाला परत कढई चढवावी लागली.

सराफ बाजारातून चांदीचं निरांजन आणून ठेवलं होतं. दिनेशने ते ताटातच राहू दिलं. म्हणाला, मामा, चांदी कशाला, मला एक सही द्या. पिंपळगाव बसवंतला भागीदारीत द्राक्षांचं पॅकहाउस घेतोय. तो स्वतःच लोकांना कर्जं मिळवून देतो ना, त्याच फायनान्स कंपनीकडून पैसे निघणार आहेत. त्यांना स्वतःचं घर असलेला कुणी वडीलधारा साक्षीदार म्हणून हवा आहे. हे सगळं त्याने लिहून दाखवलं, कारण त्याचं बोलणं मला अजून उमगत नाही, मिशी फार आहे, ओठच दिसत नाहीत. कागद आधी वाचायला मागावेत असं मनात आलं होतं. पण अधिकात पाटावर बसलेल्या जावयाला, दाखव रे कागद, असं म्हणायचं कोणत्या तोंडाने? कुसाने माझ्याकडे असं बघितलं की मी पेनच शोधायला लागलो.

नंतर कंपनीच्या माणसाने मला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन गल्ल्यावर बसवलं आणि फोटो काढला. का, ते कळलं नाही, पण फोटो छान आलाय. मग रजिस्ट्री ऑफिस. ते दुसऱ्या मजल्यावर, कुसाचे गुडघे म्हणजे तुला ठाऊकच आहे, म्हणून ती घरी. दिनेश, रोशनी आणि मी गेलो. फोटो, अंगठे, सह्या. येताना पोरीने आग्रह करून मिसळ खाऊ घातली आणि रात्रभर मला जळजळ झाली.

तू कधी येतेस ते कळव.

तुझा हिरामण

*

वणी
२२ ऑगस्ट २०२३

हिरामणा,

तुझं पत्र पोचलं. दुकानात बसूनच वाचलं, गिऱ्हाईक नारळ मागत उभं होतं तरी वाचलं. मला लय बरं वाटलं. निरांजन नको म्हणला म्हणजे पोरगा चांगलाच हाय. माझ्या मालकाच्या माघारी मी पोरीला तुझ्याकडं पाठवली, तवा सहा वर्षांची होती. लोक म्हणायचे, अक्काबाईनं पोर टाकली. आता त्याच लोकांना मी सांगत असते, माझ्या जावयाचं पॅकहाउस हाय पिंपळगावला.

सही काय, पोरीसाठी तू अंगावरचा सदरा काढून देशील, मला ठावं हाय. बरं केलंस. जावयाला नाय म्हणून कसं चालंल.

नवरात्रात गडावर गर्दी असते, दुकान सोडता येत नाय. त्याच्यानंतर येते. कुसाला सांग, चार अनारसे माझ्या नावाचे डब्यात ठेव. मऊ पडले तरी चालंल, मला दात कुठं हायेत.

अक्का

*

जेल रोड
९ फेब्रुवारी २०२५

अक्का,

मध्ये बरेच दिवस लिहिलं नाही. दिवाळीत कुसा पडली, तेव्हापासून ती वॉकर घेऊन चालते आणि वॉकरलाच शिव्या देते. तुला मुद्दाम कळवलं नाही, तू दुकान टाकून धावत आली असतीस.

रोशनी तुझ्याकडे आली आहे का? दसऱ्यापासून इकडे फिरकली नाही. दिनेशचा फोन लागत नाही, असं शेजारचे भारत पाटील म्हणाले, त्यांच्याकडूनच लावून बघितला. कुसा रोज विचारते, पोर का येत नाही, भांडलास का तिच्याशी?

आता जे लिहितो ते वाचून दुकानातल्या कुणाला सांगू नकोस. गुरुवारी दोन माणसं आली. दाराला नोटीस चिकटवली, मला दाराजवळ उभं केलं आणि फोटो काढला. समोरच्या ओळीतली सगळी माणसं फाटकात येऊन बघत होती. कुसा विचारत होती कोण आलंय, मी म्हणालो लाइटबिलवाले. नोटीस वाचली. मी साक्षीदार नाही अक्का. कर्ज माझ्याच नावावर आहे आणि घर गहाण आहे. दिनेश इतके दिवस हप्ते भरत होता म्हणून कळलं नाही. आता थांबलेत. सगळी रक्कम दोन महिन्यांत भरली नाही तर घर कंपनी घेणार.

रोशनी आली तर तिला एवढंच सांग, मामा रागावलेला नाही, एकदा भेटून जा.

हिरामण

*

वणी
२४ फेब्रुवारी २०२५

हिरामण,

रोशनी परवा येऊन गेली. पोरीचं तोंड एवढंसं झालंय. दिनेशचा भागीदार सगळं घेऊन पळाला, पॅकहाउसला कुलूप हाय, दारात रोज वसुलीवाले. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणली, मामांना सगळं माहीत होतं. रजिस्ट्रीतल्या सायबानं तोंडावर विचारलं, घर गहाण ठेवताय का, तवा मामा स्वतः होय म्हणले. राजीखुशीनं दिलं.

मंग आता तुला काय झालं रे? देताना वाण म्हणून दिलंस, मला पत्रात मिसळीपर्यंत सगळं लिहिलंस, आणि आता मी साक्षीदार होतो म्हणतोस. पोटची असती तर असं म्हणला असतास का? मला हे लिहिताना वाईट वाटतंय पण लिहिते. तिच्या संसाराला आधीच आग लागलीय, तू त्यात आणखी तेल ओतू नको. दिनेश उभा राहील, भरंल पैसे. तोवर दम धर.

कुसाला जप.

अक्का

*

जेल रोड
६ एप्रिल २०२५

अक्का,

तुझं पत्र वाचलं. तू लिहिलंस ते बरोबर आहे. साहेबाने विचारलं आणि मी होय म्हणालो. रोशनी खोटं बोलली नाही. तिला काही बोलू नकोस.

मी कंपनीच्या ऑफिसला जाऊन आलो. एसीत बसवलं, पाणी दिलं, सगळे मला बाबा बाबा म्हणत होते. तिथल्या साहेबाने कॉम्प्युटर फिरवून दाखवला. त्यात मी गल्ल्यावर बसलेलो आहे. माझं किराणा दुकान आहे म्हणे, आणि त्यातून मला एवढं उत्पन्न आहे की वाचून मलाच माझा हेवा वाटला. मी कागदावर लिहिलं, माझं दुकान नाही, मी पेन्शनर आहे आणि त्या पेन्शनीत आमची औषधंसुद्धा होत नाहीत. त्याने लिहिलं, सही तुमचीच आहे ना? मी लिहिलं, फोटो काढायला तुमचाच माणूस आला होता, त्याला दिसत नव्हतं का दुकान कोणाचं आहे? त्यावर त्याने कॉम्प्युटर परत स्वतःकडे फिरवून घेतला. फेडायची मुदत बघितली तर मी शहाऐंशी वर्षांचा होईपर्यंत आहे. माझ्या आयुष्याची इतकी खात्री डॉक्टरलासुद्धा नाही.

कर्जाच्या रकमेतून आधीच विमा, फी आणि कसले कसले चार्ज कापलेत. पैसे माझ्या नावाच्या खात्यात आले आणि तिथून दिनेशकडे गेले. ते खातं मी उघडलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी बऱ्याच सह्या केल्या होत्या.

कुसाने कुंडीत पुदिना लावलाय. घराला रंग द्यायचा म्हणते, दिवाळीच्या आत.

हिरामण

*

वणी
१७ ऑगस्ट २०२५

हिरामण भाऊ,

चार महिने तुला लिहिलं नाय. रागानं नाय लिहिलं पहिल्यांदी, आणि आता लाजेनं हात उचलत नव्हता.

शेजारच्या दुकानातली रंगूबाई तुला ठावं हाय. तिच्यापाशी मी कुरकुर करत होते, माझ्या भावानं स्वतः होय म्हणलं आणि आता पोरीवर ढकलतो. ती खण मोजत होती. मोजता मोजता म्हणली, तुझा भाऊ ठार बहिरा ना गं, मंग सायबानं विचारलेलं त्याला समजलं कसं?

हिरामणा, माझ्या हातातला नारळ तसाच राहिला. मी तुझी सख्खी बहीण, फोनवर घसा फाटेपर्यंत ओरडणारी, आणि मला हे सुचू नये. तुला दोघींचंच बोलणं कळतं. कुसाचं आणि रोशनीचं. कुसा जिना चढत नाय. मंग वर त्या हापिसात तुझ्याशी कोण बोललं?

रोशनी आरोहीला घेऊन महिनाभर माझ्याकडंच हाय. दिनेशला पोलिसांनी धरलं, तुझ्यासारखीच आणखी दोन म्हाताऱ्यांची घरं त्यानं गहाण टाकली होती, त्यांनी तक्रार केली. मी घरी गेले, पोर कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणलं, तू मामाला काय सांगितलंस? ती घड्याच घालत राहिली. मी तिच्या हातातलं लुगडं ओढून घेतलं. मंग रडली. दिनेशनं आरोहीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती म्हणं, दोन वर्षांत घर सोडवतो, मामाला कळणार बी नाय.

मी तिला मारलं. या वयात, तिच्या लेकीसमोर. आरोही माझ्याजवळ येत नाय आता.

तू मला तवाच का नाय सांगितलंस? मी तुला काय काय लिहिलं.

अक्का

*

जेल रोड
२९ ऑगस्ट २०२५

अक्का,

काय सांगणार होतो? तुझीच पोर ना.

आता विचारलंस तर सांगतो. ती आमच्याकडे आली तेव्हा आठवडाभर माझ्याशी बोललीच नाही, मला वाटलं घाबरते. मग एक दिवस समोर येऊन बसली, माझी हनुवटी धरून तोंड तिच्याकडे फिरवलं, आणि आवाज न करता नुसत्या ओठांनी म्हणाली, मामा, भूक लागली. कुसा बघतच राहिली. कुणी शिकवलं नव्हतं तिला. त्यानंतर शाळा, मैत्रिणी, परीक्षा, सगळं तिने मला असंच सांगितलं, हनुवटी धरून. टर्बाइन हॉलमध्ये माणसं माझ्या तोंडासमोर ओरडायची ते मला कळायचं नाही, आणि हिचं न बोललेलं कळायचं.

त्या दिवशी रजिस्ट्रीत साहेब मान खाली घालून काहीतरी विचारत होता. मी रोशनीकडे बघितलं. तिने हनुवटी धरली आणि म्हणाली, मामा, होय म्हणा. मी विचारलं, काय म्हणतात ते? ती परत म्हणाली, होय म्हणा. तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, आमच्या प्रेमाने भरून आलंय पोरीला. मी मोठ्याने होय म्हणालो, इतक्या मोठ्याने की सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. नोटीस हातात आली त्याच दिवशी मला ते डोळे कळले. तेव्हापासून कळतंय, मी रोज कळून घेतोय.

तेजस्विनी निकम म्हणून एक वकीलबाई आहेत, त्या दोन म्हाताऱ्यांची केस चालवतात, माझीही घेतली आहे. फी घेत नाहीत, कुसाच्या हातचा चहा घेतात. कुसाला त्या पेन्शन ऑफिसच्या बाई वाटतात. त्या म्हणतात, दुकानाचं खोटं एकटं पुरणार नाही, कंपनी सगळं दिनेशवर ढकलेल. पण साहेबाचा प्रश्न तुमच्यापर्यंत पोचलाच नाही, मधल्या माणसाने फसवून होय म्हणवून घेतलं, एवढं पोलिसांना जबाबात सांगा. त्या जोरावर घराचा ताबा थांबवता येईल. त्यांना मधला माणूस कोण ते मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर रोशनीही दिनेशच्या शेजारी जाऊन बसेल. आरोही आठ वर्षांची आहे.

घर गेलं तर कुसाला घेऊन कुठे जाऊ, हेही मला सुचत नाही. या घराच्या स्लॅबवर तिने स्वतः पाणी मारलंय. काय करू ते तू सांग. तू थोरली आहेस.

हिरामण

*

वणी
५ सप्टेंबर २०२५

हिरामण,

नाव सांग.

मी तिची आई हाय आणि मी सांगते. आरोहीला मी सांभाळीन, माझे हातपाय अजून चालतात. तुझं घर तू उभं राहून बांधलंस, ते असं जायला नको. तुला वाटंल अक्काला पुढं पश्चात्ताप होईल. होईल तर होईल. तुझ्या जबाबाची तारीख कळव. मी स्वतः तिला घेऊन येते. तिनं तुझ्यासमोर उभं राहायलाच पाहिजे.

अक्का

*

एकलहरे गाव
१४ डिसेंबर २०२५

अक्का,

वर पत्ता बदललेला बघून तुला कळलंच असेल. दहा दिवस झाले. कंपनीचे लोक, पोलीस आणि कुलूप घेऊन आले. माणसं वाईट नव्हती, त्यांनी कुसाचा वॉकर स्वतः टेम्पोत चढवला. ही खोली गेणू वाघ म्हणून माझ्याबरोबर प्लांटला होता त्याच्या पुतण्याची आहे. खिडकीतून चिमण्या दिसतात, प्लांटच्या. पाखरांच्या नव्हे.

जबाबाच्या दिवशी तू पोलीस ठाण्यात बाहेर बाकावर बसली होतीस. मी बाहेर आलो, तू तोंडाकडे बघितलंस आणि समजून गेलीस. परतीच्या बसपर्यंत माझ्याकडे बघितलं नाहीस. आत काय झालं ते तुला माहीत नाही, रोशनीनेही सांगितलं नसेल. ते तुला कळायला हवं म्हणून लिहितो.

फौजदार प्रश्न कागदावर लिहून मला देत होता. थोड्या वेळाने कंटाळला. रोशनी माझ्याशी बोलू शकते हे त्याने बघितलं होतं, तिला समोर खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, तूच विचार यांना. काय विचारायचं ते त्याने तिला सांगितलं. मला ते ऐकू आलं नाही, पण तिचा चेहरा बघून कळलं. रजिस्ट्रीत तुम्हाला होय म्हणायला कोणी सांगितलं, हाच प्रश्न होता.

तिने खुर्ची पुढे ओढली. माझी हनुवटी धरली. हात थंडगार होता. आणि ती म्हणाली, मामा, माझं नाव सांगा.

फौजदाराने सांगितलेलं तिने विचारलंच नाही. आवाज नव्हताच, त्यामुळे त्याला काय कळणार? ती परत म्हणाली, माझं नाव सांगा, मामा, सांगा ना. अक्का, तुझी पोर वाईट नाही. तू तिला मारलंस, बोलत नाहीस, ते आता थांबव. तिला वाचायचं असतं तर तिथे काहीही म्हणता आलं असतं, कोण ऐकत होतं?

मी फौजदाराकडे वळून सांगितलं, कोणी नाही. मला सगळं समजलं होतं, मी स्वतः होय म्हणालो. त्याने तसंच लिहून घेतलं. वकीलबाई माझ्यावर फार रागावल्या. बाहेर येऊन त्यांनी लिहून दिलं की तुम्ही तुमचं घर आत्ता हाताने देऊन आलात. मला ते आधीच ठाऊक होतं. त्या दोन म्हाताऱ्यांच्या केसमध्ये दिनेश आत आहे तो राहीलच, त्यांचं काही बिघडलेलं नाही, असं त्याच म्हणाल्या. बिघडलं ते आमचंच.

तू म्हणशील, मी सांगितलेलं ऐकलं नाहीस. नाही ऐकलं. रागाव माझ्यावर.

कुसाला काय सांगायचं हा प्रश्न होता. खरं सांगितलं असतं तर तिने मला एका शब्दाने दोष दिला नसता. पण रोशनी म्हणजे तिचा जीव. घर गेलं हे ती कधीतरी सोसेल, पोरीने नेलं हे नाही सोसणार. म्हणून मी पोलिसांना सांगितलं तेच तिलाही सांगितलं. घर गहाण पडतंय हे मला माहीत होतं, तुला ते न सांगता मी सही केली. तिने एकदाच विचारलं, मला का नाही सांगितलंस? तूही तिला दुसरं काही सांगू नकोस, शपथ आहे.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील. इतक्या वर्षांत माझ्याशी बोलायचं असलं की ती हातातलं काम टाकून समोर यायची, अगदी भांडायचं असलं तरी समोर येऊन भांडायची. या खोलीत आल्यापासून येत नाही. जेवायला वाढते, औषध हातावर ठेवते. मग भिंतीकडे तोंड करून बसते. खांदे हलताना दिसतात. बोलते आहे की रडते आहे, ते मला पाठीवरून कळत नाही.

हिरामण